सव्वासातला बंद होणारं दार

हिशेबशास्त्राचा पाया म्हणजे शिस्त, असं आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजातले अकाउंटन्सीचे सर पहिल्याच तासाला म्हणाले आणि नियम वाचू लागले. सव्वासातला वर्गाचं दार बंद होणार, हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नाही. मलकापूरहून एसटीनं येणारी एक मुलगी उठली.

“सर, पहिली गाडीच साडेसातला पोचती की.”

“मग स्टँडवरच शिका.”

आम्ही हसलो, कारण हजेरी सरांच्या हातात होती.

ती वर्षभर बाहेर व्हरांड्यात बसून खिडकीतून ऐकत राहिली. हजेरी अर्थातच भरली नाही आणि तिला परीक्षेला बसू दिलं नाही. आमचा पेपर पाऊण तास उशिरा सुरू झाला. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली सर घरी विसरले होते.