पोटावर उतरलेलं विमान

आमच्या मेसमध्ये पोळ्यांपेक्षा किस्सेच जास्त उरतात, असं आई म्हणते. यवतमाळच्या धावपट्टीवर विमान उडवायला शिकायला आलेली मुलं आमच्याकडे जेवतात. बाबा तिथेच अग्निशमन गाडी चालवतात. मी वाढते आणि ऐकते. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण ऐकलेलं माझ्याकडे नीट राहतं.

* * *

शर्वरीताई नाशिकची. पहिल्याच दिवशी तिने ताटातली मिरची, मेथीची भाजी आणि कोथिंबिरीची चटणी बघून म्हटलं, "थ्री ग्रीन! आता उतरायला हरकत नाही."

विमानाची तिन्ही चाकं खाली येऊन पक्की बसली, की तीन हिरवे दिवे लागतात म्हणे. तेव्हापासून आई तिला तीन हिरव्या वस्तूंशिवाय ताट देईना. एकदा मेथी नव्हती, तर काठावर कडुलिंबाचं पान ठेवलं.

"खाऊ नको व, नुसतं पाह्यजो."

* * *

"रेडिओवर ओरडायचं नाही," हे शिकवणाऱ्या कॅप्टन सरांचं रोजचं वाक्य.

एका दुपारी ताई एकटीच उडत असताना विमानातली वीज गेली. इंजिन चालू, पण रेडिओ बंद आणि चाकांचे दिवेही बंद. मी बाबांचा डबा घेऊन तिथेच होते. ताईने चाकं हाताने खाली सोडली. ती पक्की बसली की नाही, हे सांगायला एकही दिवा नव्हता. आम्हाला तरी चाकं दिसावीत, म्हणून ती विमान अगदी खाली आणून आमच्या डोक्यावरून गेली.

कॅप्टन सर आभाळाकडे बघून ओरडत होते, "शांत राहा! शांत राहा!" इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या कपाशीतल्या बाया उभ्या राहिल्या.

* * *

विमान टेकलं आणि चाकं मिटली. ते पोटावर घासत जाऊन गवतात थांबलं. बाबांची गाडी त्याआधीच सुटली होती. आग लागली नाही.

अशा वेळी नाव विचारायचं, कुठे दुखतं ते विचारायचं, असं बाबांना शिकवलेलं आहे. त्यांनी दार उघडलं, पट्टा सोडवला आणि विचारलं, "पोरी, जेवली का तू?"

"नाही, काका," ताई म्हणाली आणि मग रडली.

* * *

ताईला साधं खरचटलंही नव्हतं. चूक तिची नाही, हे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तरी तिने बॅग भरून ठेवली. जेवताना वरून विमान गेलं, की ती उठून आवाज बुडेल इतका नळ सोडायची.

एका संध्याकाळी सर तिच्यासमोर जेवायला बसले.

"माझंही विमान एकदा असंच आपटलं होतं. नंतर कितीतरी दिवस मी सायकलवरसुद्धा बसलो नाही."

ताई खूप दिवसांनी हसली. "मग?"

"मग सायकलवर बसलो," म्हणत सर माझ्याकडे वळले. "भाजी वाढ गं जरा."

* * *

ताई पुन्हा एकटीने उडाली, त्या सकाळी बाबा गाडी सुरू करूनच बसले होते. आई कधी नव्हे ती धावपट्टीवर आली, हाताला कणीक तशीच. विमान टेकलं, धावलं, चाकांवरच थांबलं. आईने तेव्हा कुठे हाताची कणीक पुसली.

पहिल्यांदा एकट्याने उडून आलेल्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची इथे पद्धत आहे. ताईचं ते केव्हाच झालं होतं. तरी बाबा बादली भरून निघाले.

"काका, तिचा पहिला सोलो तर दिवाळीतच झाला ना," मुलं म्हणाली.

"मले ठाऊक हाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी अख्खी बादली तिच्या डोक्यावर ओतली.