आबांच्या मातीचं लाकूड

माझ्या वडिलांसाठी आधी कबर खणली गेली.

आम्ही हिंदू. मुदखेडजवळच्या खेड्यातलं शेतकरी घर.

आज मायची तिथी. नव्वदी ओलांडून गेली, सोनं झालं म्हणतात सगळे. म्हणोत. मला दर वर्षी रडू येतं, स्वतः पंच्याऐंशीची झाले तरी.

परवा नातीने मोबाइलवर एका जवानाचा अंत्यविधी दाखवला. तिरंगा, सलामी, सगळं गाव हजर.
"आजी, तुझे आबा पण सोल्जर होते ना? त्यांना मिळालं होतं का असं काही?"

मिळालं होतं. कसं, ते आज लिहिते. लांबलं तर खुशाल स्क्रोल करा. मी रिटायर्ड शिक्षिका आहे, थोडक्यात सांगायची मला सवय नाही.

आबा निजामाच्या पलटणीत होते. महायुद्धातल्या लढाईतून छातीचं दुखणं घेऊन आले आणि पेन्शनीत निघाले. खाटेवर पडून एकच गोष्ट कौतुकाने सांगायचे.
"शिपाई मेला तर त्याची माती पलटण करती. कापड त्यायचं, लाकूड त्यायचं. आन् बिगुल वाजतो."
मग तोंडाने बिगुल वाजवून दाखवायचे. मधेच खोकला यायचा, तरी पुरा करायचे.

निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे दिवस. कधी कोण दारात येईल, सांगता येत नव्हतं. आबा सरकारी शिपाई, म्हणून निम्मं गाव आमच्याशी जपूनच बोलायचं.

श्रावणातल्या झडीत, पहाटे आबा गेले.

मामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, मुदखेडला गाडीत बसून नांदेडच्या छावणीत गेला. साधा माणूस. उर्दू जेमतेम.
तिथल्या जमादाराने विचारलं, "जलाना है या मिट्टी?"
मामा म्हणाला, "हाव, मिट्टी. आजच हाय."

आता आमच्याकडे जाळलं काय, पुरलं काय, मातीच म्हणतात. मातीला चाललो. माती झाली. जमादाराच्या बोलीत मिट्टी म्हणजे दफन. हिंदूंतही पुरणारे असतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने परत विचारलं नाही.
दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच ऐकलं.

दुपारी लॉरी आली. जमादार, चार शिपाई, बिगुलवाला, पांढरं कापड आणि फावडी. लाकूड नाही. मामाने त्यांना शेतातली जागा दाखवली आणि लाकूड मागून येत असेल असं समजून तो घरी आला. गावाला कळेपर्यंत गुडघाभर खणून झालं होतं.

पाटील भडकले. सगळ्यांना आमच्या दारापुढे घेऊन आले.
"आपल्या माणसाला पुरून राह्यले हे. उद्या म्हणतील, बाटला होता. लावा यायला वाटंला."
जमादारही चिडला. "हमकू मिट्टी बोले. जलाना बोलते तो लकडी लाते."
शिपाई फावडी लॉरीत टाकू लागले. बिगुलवाल्याने बिगुल पिशवीत घातला.

मी मायचा पदर धरून उभी होते. पाटलांसमोर जिने कधी मान वर केली नव्हती, ती माय उंबऱ्यात आली.

"बिगुलवाला जायचा न्हाई."

पाटील म्हणाले, "सूनबाई, लाकडं कुठून आणतीस? सगळं रान वल्लं हाय."
"गोठा मोडा."
गोठा मोडला. निम्मी लाकडं भिजलेली निघाली.
"मग दार काढा."
"अक्का, दिवस कसले हायेत," मामा म्हणाला.
"काढ म्हणते ना. आन् त्या खड्ड्यातच सरण रचा. वारा लागायचा न्हाई."

मामाने रडत रडत घराचं दार उचकटलं. जमादाराने शिपायांना खाली उतरवलं. दाराचं एक टोक स्वतः खांद्यावर घेतलं.

मी आणि माय घरीच राहिलो. दार नव्हतं, त्यामुळे बिगुल स्वच्छ ऐकू आला. मला तो मुळीच आवडला नाही. मला आबा पाहिजे होते.

पुढे गावात बोलणं झालं. अर्धा पुरला, अर्धा जाळला. दहाव्याला माणसं फार आली नाहीत. उघड्या चौकटीला मायने गोणपाट लावलं आणि ती उशाला विळा घेऊन निजू लागली. मी तिला बिलगून असायचे. 

तेराव्यानंतर एक बैलगाडी आली. गाडीत लाकूड, आणि पुढे तोच जमादार.
"बहन, ये उनके हक का है. देर हो गई."

मायने सुतार बोलावला. तो लाकडाला हात लावेना.
"वैनी, सरणाचं लाकूड घरात घेऊ नाही."
"त्यायनं जाताना माझं दार नेलं. त्यायच्या लाकडाचं मला दार कर."

ते दार आमच्या घराला मायच्या शेवटापर्यंत होतं. घर सिमेंटचं झालं, लोखंडी गेट आलं. मायने दाराला हात लावू दिला नाही.

जायच्या आधी मला म्हणाली, "ते दार माझ्या मातीला घ्या. तुझ्या आबाचं हाय. लई वरसं मीच वापरलं."

माझा मुलगा म्हणाला, "आई, लाकूड पुरेसं आणलंय. चांगलं अँटिक दार आहे."
मी म्हटलं, "दार काढ."

मी स्मशानात गेले. नको म्हणणारे नको म्हणाले.
शिपायाच्या बायकोला बिगुल नसतो. म्हणून मी तोंडाने वाजवला, आबा वाजवायचे तसा. लोकांना वाटलं, हुंदके देतेय.
थोडे होतेच. तरी पुरा केला.

माय, तुला नमस्कार. आबांचं लाकूड त्यांना पोचतं कर.