येळवशीची पाळी आणि गुलमर्गचा बर्फ

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. लातूरच्या तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करणारा रेणुकादास कुणाच्या अध्यात ना मध्यात. उंच, किरकोळ, पस्तिशी ओलांडलेला. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. राहायचा थोरल्या भावाबरोबर, एकाच घरात. थोरले बापूसाहेब वकिली करायचे. रेणापूरच्या वाटेवरची जमीन दोघांची सामाईक.

हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. समोरासमोर जेवायला बसत, एकाच तांब्यातलं पाणी घेत, पण शब्द जायचा तो बापूसाहेबांच्या बायकोच्या, गोदावरीच्या हातून. "त्याला सांग" आणि "त्यांना सांगा" यांवर ते घर चाललं होतं. दोघांचं ऐकून ऐकून गोदावरी निरोपातलं विष काढून उरलेलं तेवढं पुढं द्यायला शिकली होती. कधी कधी देण्यासारखं काहीच उरत नसे.

अबोल्याचं कारण येळवशीतलं होतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपल्याकडं सारं गाव शेतावर जातं. कडब्याची खोप करतात, खोपीत दगडांचे पांडव मांडतात, भज्जी आणि ज्वारीच्या उंड्यांचं जेवण होतं. घरचा पुरुष आंबिलीचं भांडं घेऊन, आरोळ्या देत, आंबील शिंपडत खोपीभोवती फिरतो. अशाच एका येळवशीला रेणुकादासाची बायको तापानं फणफणली होती. दवाखान्यात न्यायला दमणी, घरची बैलगाडी, हवी होती आणि ती शेतावर होती. निरोप पोचला. पूजा उरकली की येतो, असं बापूसाहेबांनी कळवलं. दमणी संध्याकाळी दाराशी लागली, तेव्हा तिचं काम उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून रेणुकादासानं भावाला हाक मारली नाही. येळवस मात्र चुकली नाही. वडील गेल्यापासून खोपीभोवती फिरायची पाळी एक साल थोरल्याची, एक साल धाकट्याची, अशी होती. आपल्या पाळीला रेणुकादास मुकाट्यानं फिरे. आरोळी देत नसे.

अशात शरणप्पाचं पत्र आलं. हा त्याचा हैदराबादचा वर्गमित्र रावळपिंडीला डॉक्टर होता. नाताळात गुलमर्गला ये, त्यानं लिहिलं होतं. पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, याला स्की म्हणतात, शिकवणारा माणूस ठरवला आहे, आपण दोघंही अडाणी, पडलो तर बरोबर पडू.

रेणुकादासानं बर्फ पाहिला होता तो हैदराबादेत, सरबतवाल्याच्या गाडीवर, भुशात गुंडाळलेला. पत्र त्यानं घडी करून टोपीत ठेवलं आणि दोन दिवस कचेरीत तो नकला चुकला. तिसऱ्या दिवशी रुखसतीचा, म्हणजे रजेचा, अर्ज दिला.

मग तयारी सुरू झाली. गुडघे मजबूत कर, असं पत्रात होतं, म्हणून पहाटे परसात उठाबशा. सुताराकडून कडुनिंबाच्या दोन फळ्या करून घेतल्या. पुढची टोकं वर वळवायची म्हटल्यावर सुतारानं विचारलं, होडी करायची का? सरावाला उतार कुठून आणायचा? लातुरात उंच ढीग एकच, जिनिंगमधल्या सरकीचा. निजामीत शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे. त्या दिवशी रेणुकादास फळ्या खांद्यावर घेऊन तिथं गेला, ढिगावर चढला आणि सरळ गुडघ्यापर्यंत रुतला. फळ्या नीट सरकत नाहीत, असं त्याचं निदान. पुढच्या शुक्रवारी गाडीच्या आखाला घालतात तसं एरंडेल फळ्यांना चोपडून गेला. सारी सरकी फळ्यांना चिकटली आणि पाय उचलेनासे झाले. जिनिंगच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तोही हसला. त्याला हसताना पाहून कित्येक दिवस झाले होते.

हे घरी कळलंच. जेवताना बापूसाहेब ताटाकडं बघत म्हणाले, "त्याला सांग, घसरायला काश्मीर कशाला पायजे? आपली न्हाणी हाय की."

गोदावरीनं हा निरोप दिला नाही. द्यायची गरजही नव्हती.

पुढच्या शुक्रवारी फळ्या जागेवर नव्हत्या. न्हाणीतल्या चुलवणात त्यांची वर वळलेली टोकं तेवढी जळायची राहिली होती. एरंडेलामुळं झकास पेटल्या, असं बापूसाहेबांनी बायकोला ऐकवलं. रेणुकादास त्याच पाण्यानं आंघोळ करून कचेरीच्या वाटेनं फिरून आला. फळ्या तिकडं मिळणार होत्या. त्याची अडचण वेगळीच होती. त्या वर्षी येळवस नेमकी नाताळात येत होती आणि पाळी त्याची होती.

पाळीची अदलाबदल करायची तर ते थोरल्याला विचारायला हवं. गोदावरीनं आपण होऊन शब्द टाकून पाहिला. बापूसाहेब म्हणाले, "ज्याला गरज हाय त्याला तोंड हाय."

रेणुकादास चार रात्री नीट झोपला नाही. थोरल्याशी न बोलण्यावर त्याची सगळी वर्षं उभी होती. बायकोसाठी त्याला दुसरं काही करता आलं नव्हतं. हा अबोला तेवढा त्यानं तिच्या नावानं धरला होता. बर्फापायी तो मोडायचा?

एका संध्याकाळी बापूसाहेब ओसरीवर अशिलाचे कागद चाळत होते. रेणुकादास समोर येऊन उभा राहिला. आत तांदूळ निवडणाऱ्या गोदावरीचे हात थांबले.

"दादा," तो म्हणाला. "यंदाची येळवस तुम्ही करा. पुढची दोन्ही सालं मी करीन."

बापूसाहेबांनी कागद उलटला. मान वर न करता त्यांनी आत हाक दिली, "गोदावरी, त्याला सांग, ज्याची पाळी त्यानंच फिरायचं."

गोदावरी सूप हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. राखून ठेवण्यासारखं आता काही उरलं नाही, हे रेणुकादासाला उमगलं असावं. तो वहिनीकडं वळला.

"वहिनी, त्यांना सांगा, मी जाणार. खोपीभोवती कोणी फिरायचं ते त्यांनी अन् पांडवांनी ठरवावं."

आणि तो गेला. वळकटीत घोंगडी, पायात कापसाचे जाड मोजे. ते मोजे गोदावरीनं बापूसाहेबांच्या जुन्या बंडीतून गुपचूप शिवले होते.

त्या येळवशीला खोपीभोवती कोणी फिरलं नाही. बापूसाहेब पांडवांसमोर हटून बसले, आंबील भांड्यातच राहिली, शेवटी बैलांना पाजली.

महिन्यानं रेणुकादास परतला. नाकाची साल निघालेली, डावा पाय लंगडत. गोदावरीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "कसं असतंय हो भावजी ते?"

तो ओसरीवर बसून सांगत राहिला. बर्फ पडताना आवाज होत नाही म्हणाला; पहिल्यांदा उतारावरून सरळ खाली आलो तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यानं असेल. बापूसाहेब आत वर्तमानपत्र धरून बसले होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

"विचार त्याला," आतून आवाज आला, "पडला का?"

रेणुकादासानं पायाला पंचा गुंडाळला.

"सांगा, रोज."

"मग सांग, यंदाची पाळी फिटलेली न्हाई. पुढल्या साली त्याचीच."

पुढल्या साली रेणुकादास लंगडत खोपीभोवती फिरला. त्याच्या पुढल्या सालीही, आणि नंतरही दर साली. बापूसाहेबांनी पाळी पुन्हा घेतली नाही, त्यानंही मागितली नाही. फक्त आता तो आरोळी देत फिरे, शेजारच्या शिवारात ऐकू जाईल अशी. बापूसाहेब खोपीकडं पाठ करून जेवत. आणि 'दादा' ही हाक त्या संध्याकाळी निघाली, ती निघाली. पुन्हा कधी नाही.