सुट्टी की सुटका

निरीक्षणगृहाचं दार आज सताड उघडं होतं, तरी सोनल उंबरठ्याशी थांबून राहिली होती. कोणीतरी 'जा' म्हणेल, याची ती वाट बघत असावी. चोरीचे मोबाईल पोचवताना सापडलेली ही मुलगी. मी दर शनिवारी तिथल्या मुलींना इंग्रजी शिकवायला जाते.

गेल्या शनिवारी मी तिला विचारलं होतं, "तुला सुट्टी कधी मिळणार?" सगळ्या मुली खिदळल्या.

"सुट्टी नाही ओ ताई, सुटका," सोनल म्हणाली. "सुट्टी संपली की परत यावं लागतं. तुमच्या शाळेत मराठी नव्हतं का?"

मी ओशाळून फळा पुसत राहिले होते.

आज बाहेर तिचा मामा रिक्षा थांबवून उभा होता. तिच्या हाती ते मोबाईल देणारी पोरं मामाच्याच गल्लीत राहतात, हे तिचं इथल्या सगळ्यांना सांगून झालं होतं. घरी गेल्यावर तिच्याकडे कोण बघणार, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. सुटका या शब्दाची मला एकदम भीती वाटली. हातातून कपबशी निसटते, तेव्हाही आपण 'सुटली' असंच म्हणतो. ती खाली पडेपर्यंत क्षणभर काहीच आवाज होत नाही.

मामानं हॉर्न वाजवला. सोनल चपला पायात सरकवत, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली,

"ताई, तुम्ही सुट्टीच म्हणा."