एका घरातले तीन नंबर

फोन उचलला की ते आधी त्यात दोनदा फुंकर घालत आणि मग विचारीत, "शे का?"

'हॅलो' हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नाही. पलीकडे माणूस आहे की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असे. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे काढली. आधी जळगावला, पुढे चाळीसगावला आणि अखेरीस धुळ्याला. फोनवर ओरडणारे, रडणारे, फोनला नमस्कार करणारे असे सर्व प्रकारचे लोक पाहिले. फोनलाच हजेरी विचारणारा हा एकच.

गल्ली त्यांना आबा म्हणत असे. माझ्या निवृत्तीनंतर धुळ्यात आम्ही शेजारी झालो. आमच्या घरांमध्ये एक भिंत होती. त्यांचे मूळ गाव शिंदखेड्याकडचे, धंदा सरकीचा. तळमजल्यावर स्वतः आबा, पहिल्या मजल्यावर मधला भाऊ, दुसऱ्यावर धाकटा. पत्नी गेल्यापासून आबांचे एकच व्रत होते, घर फुटू द्यायचे नाही. तिन्ही मजल्यांची चूल एक, किराणा एक, फोनही एक. तो फोन आबांच्या गादीशेजारी असे आणि घंटा वाजली की वरच्या सुना जिन्यावरून धावत खाली येत.

धाकट्याला स्वतंत्र फोन हवा होता. त्याने अर्ज भरून ठेवला होता. घर आबांच्या नावावर, म्हणून त्यांची सही लागत होती.

"आज वायर येगळी, उद्या चूल येगळी," आबा म्हणाले आणि अर्ज गादीखाली सरकवला.

त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे बिनतारी फोन. नव्वद साल उलटून गेले होते आणि अशा फोनांचे पेव फुटले होते. एक बैठक तारेला जोडायची आणि हातातला तुकडा घेऊन घरभर फिरायचे. आबांनी जळगावहून एकदम तीन संच आणले आणि मला हाक मारली.

"साहेब, यंत्र उनं शे. देखाले या."

मी गेलो. तिन्ही बैठका लोखंडी कपाटात, एका फळीवर, शेजारी शेजारी मांडलेल्या. कपाटाला मागून भोक पाडून तारा आत घेतलेल्या. कपाटाला कुलूप आणि किल्ली आबांच्या करदोट्याला.

"आबा, लोखंडातून लहरी बाहेर येत नाहीत."

"मंग कपाट उघडं ठेवू?"

"कपाटातून काढा. प्रत्येक मजल्यावर एक बैठक, उंच जागी, दूरदर्शन संचापासून लांब."

याला आबांनी तीन दिवस घेतले. तार एकच राहील, तिला फक्त फाटे फुटतील, हे मी शपथेवर सांगितले तेव्हा त्यांनी संमती दिली. फाटे मी स्वतः ओढले. सेवेत असताना मी दुसऱ्याच्या घरात खिळा ठोकला नव्हता. निवृत्तीनंतर आबांच्या जिन्यात एकसष्ट ठोकले.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. बैठक आणि तिचा तुकडा एकमेकांशी एका ठराविक नंबरावर बोलतात. एकाच घरात अनेक संच असले तर प्रत्येक जोडीला वेगळा नंबर द्यावा लागतो, नाही तर दोन तुकडे एकदम उचलले की कानात शिट्टी वाजते आणि कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही. नंबर बदलण्यासाठी प्रत्येक यंत्राच्या पोटाशी एक लहानसा खटका होता. मी तळमजल्याला एक, पहिल्याला चार आणि दुसऱ्याला सात नंबर दिला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शिट्टी. जाऊन पाहिले तर सगळे खटके एकवर. मला वाटले, खटके सैल असतील. पुन्हा लावले. तिसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी आणि पुन्हा एक, एक, एक.

चौथ्या दिवशी मी न सांगता गेलो. आबा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसले होते. धाकट्याची बैठक मांडीवर उलटी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात बाभळीचा काटा. काट्याच्या टोकाने ते सातचा एक करीत होते.

"आबा, हे काय चालवले आहे?"

ते दचकले नाहीत. "घर एक शे, चूल एक शे, मंग नंबर तीन कसाले?"

मी समजावले. एकदा नव्हे, महिनाभर समजावले. नंबर वेगळे असले तरी तार एकच असते, हे कागदावर आकृती काढून दाखवले. ते मान डोलावीत, चहा पाजीत आणि मी घराबाहेर पडलो की खिशातून काटा काढीत. वाचकहो, अडाणी माणसाला शिकवणे सोपे असते. ज्याला सगळे समजले आहे आणि तरी पटलेले नाही, त्याच्यापुढे शिक्षक हरतो. मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितले की तुमच्यासारखा हट्टी ग्राहक मला चौतीस वर्षांत भेटला नाही.

"तुमीन बी खाते सोडं, तवय भेटनात," असे काहीसे पुटपुटून ते हसले. बहुधा खाते सोडल्यावरच मी त्यांना भेटलो, आधी भेटणार कसा, असे त्यांना म्हणायचे असावे.

त्यातून त्यांनी एक नियमही केला होता. घंटा वाजली की तिन्ही मजल्यांनी तुकडा उचलायचा. फोन एकाला आला तरी तो घराला आला, असे त्यांचे मत. म्हणजे शिट्टीची सोय त्यांनी स्वतःच पक्की करून ठेवली होती.

आखाजी जवळ आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पितरांची घागर भरायची, झोके बांधायचे आणि सासरी गेलेल्या लेकीबहिणींना माहेरी आणायचे. आणायला भावाने जायचे. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय मानी बाई सासरचा उंबरा ओलांडत नाही.

आबांची बहीण सुरतेला दिलेली होती. आखाजीच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला. नियमाप्रमाणे तिन्ही मजल्यांनी उचलला. शिट्टी झाली. शिट्टीतून प्रत्येकाच्या कानी 'मुराळी' एवढा एक शब्द पडला. आबांना वाटले, मधल्याने उत्तर दिले. मधल्याला वाटले, धाकटा जातो आहे. धाकट्याला वाटले, आबांनी ठरवले असेल, नेहमी तेच ठरवतात. फोन ठेवले गेले.

आखाजीला घागर भरली, पुरणाच्या पोळ्या झाल्या, झोका बांधला. बहीण आली नाही. तेव्हा कुठे तिघा भावांनी एकमेकांना विचारले, तू गेला नव्हतास का?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच एसटीने आली. मी आबांच्या ओट्यावर बसलो होतो. ती दारात थांबली. पिशवी खाली ठेवली नाही आणि उंबराही ओलांडला नाही.

"मना तीन भाऊ शेतस," ती म्हणाली, "पन मुराळी एक बी नही. चार दिन पिशवी भरीसन बसनू मी."

"फोन नीट ऐकू नव्हता आला अक्का," धाकटा म्हणाला.

"फोनवर तुम्ही बठ्ठा बोलनात. मन्हं कोनीच आयकं नही."

धाकटा आत गेला, गादीखालचा अर्ज घेऊन आला आणि बहिणीसमोर आबांच्या पुढे धरला. "आबा, सही करा. हे असे चालायचे नाही."

आबांनी अर्जाकडे पाहिले, बहिणीच्या हातातल्या पिशवीकडे पाहिले. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून तो बाभळीचा काटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"साहेब, नंबर बदली टाका."

मी उठलो. एक, चार, सात. त्यांच्याच काट्याने लावले. मला दहा मिनिटे लागली. महिनाभराच्या वादाला दहा मिनिटे.

मधल्या वेळात आबांनी बहिणीची पिशवी स्वतः उचलली होती. तिला पुन्हा बसस्थानकापर्यंत नेले आणि तिथून मुराळी म्हणून घरी आणले. सत्तरीचा माणूस भर उन्हात गल्लीतून पिशवी खांद्याला लावून येत होता आणि मागे बहीण, पदराने तोंड झाकून. ती हसत होती की रडत होती, याची मी चौकशी केली नाही.

आठ दिवसांनी ती सुरतेला पोहोचली आणि तिने फोन केला. मी तिथेच होतो. घंटा वाजली. तिन्ही मजल्यांनी उचलला. आबांनी दोनदा फुंकर घातली. "शे का?"

शिट्टी झाली नाही. बहीण बोलू लागली. पहिल्या मजल्यावरून मधला बोलला, दुसऱ्यावरून धाकटा, मग सुना. सगळे एकाच तारेवर, स्वच्छ. आबा एकेक आवाज ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तुकडा कानापासून थोडा दूर केला आणि मला हलकेच सांगितले, "बठ्ठा शेतस." सगळे हजर होते.

फोन झाल्यावर धाकटा खाली आला. गादीवर पडलेल्या अर्जाची त्याने घडी घातली आणि खिशात ठेवली. फाडला नाही.

त्या आठवड्यात आबा माझ्या दारात उभे राहिले. हातात चौथ्या संचाचा तुकडा आणि त्याची चार्जिंगची खोबण. बैठक त्यांनी आमच्या सामायिक भिंतीलगत, त्यांच्या बाजूला लावली होती. बैठकीवरची कळ दाबली की माझ्याकडचा तुकडा वाजणार होता आणि भिंतीपलीकडून बोलता येणार होते.

"हे नियमात बसत नाही. एका घरचा फोन दुसऱ्या घरात देता येत नाही," मी म्हणालो.

"तुमना नंबर दहा लावेल शे. मीच लावा, काट्यानं." ते माझ्या टेबलावर जागा करू लागले. "बठ्ठासले नंबर दिधा. तुमले नही दिधा तर कसं?"

मी पुन्हा नियम सांगितला. तोपर्यंत त्यांनी खोबणीची पिन माझ्या भिंतीत खोचली होती.

पुढची चार वर्षे तो तुकडा दिवसातून तीन-चारदा वाजत असे. फुंकर, फुंकर, "शे का?" काम काहीही नसे. मी दर वेळी म्हणत असे, "आबा, हॅलो म्हणावे." ते दर वेळी म्हणत, "शेत ना? बस." आणि ठेवून देत. मला त्याचा अत्यंत वैताग येत असे.

आबा एका हिवाळ्यात गेले. वर्षाच्या आत घरात तीन स्वतंत्र फोन आले आणि पुढे चुलीही तीन झाल्या. धाकट्याचा तो अर्ज घडीसकट वापरला गेला. मात्र आखाजीला मुराळी चुकत नाही. भावांनी पाळी ठरवून घेतली आहे आणि घागर अजून तळमजल्यावर एकच भरतात.

मी आता जळगावला मुलाकडे राहतो. धुळ्याचे घर विकले. सामान बांधताना तो तुकडा आणि खोबण माझ्या पेटीत आली. त्याची बैठक केव्हाच भंगारात गेली असेल, आणि असती तरी या यंत्राचा पल्ला एका भिंतीपलीकडे फारसा नाही. हे मला इतरांपेक्षा अधिक चांगले माहीत आहे.

दर शनिवारी मी तो चार्जिंगला लावतो. याला तांत्रिक कारण नाही. खटका दहावर आहे. तो मी हलवलेला नाही.