माझ्या मनगटावरचं दुसरं घड्याळ

ब्याण्णवच्या सुमाराला मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत कारकून होतो, आणि तो दुधाचे कॅन वाफेनं धुणारा. कामावर जाण्याआधी तो माझ्या टेबलाशी यायचा. सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळ काढायचा, माझ्या उजव्या मनगटावर चिमूटभर पावडर चोळायचा आणि ते तिथं बांधायचा. डाव्या हातात माझं असायचंच. ड्रॉवर देतो म्हटलं, तर म्हणाला, "ड्रॉवरात ओल धरती, भाऊसाहेब. तुमी पंख्याखाली बसता. तुमचा हात कोरडा हाय."

संध्याकाळी काच उजेडात धरून आत बाष्प जमलंय का, एवढंच तो बघायचा. मला कधी कसं काय विचारलं नाही. मी म्हणजे त्याची खुंटी, असंच मी धरून चाललो होतो.

एका उन्हाळ्यात मी अंगात ताप असतानाच कामावर गेलो. त्यानं मनगटाला बोट लावलं आणि घड्याळ खिशात टाकलं. "न्हाय चालायचं. लई गरम हाय." मग लुनावर बसवून मला घरी सोडलं.

पुढं रोज सकाळी तो दारात यायचा, मनगट चाचपायचा, "अजून गरम हाय" म्हणायचा आणि पाणीही न घेता जायचा. घड्याळाची एवढी काळजी बघून मला राग यायचा.

ताप उतरला त्या सकाळी त्यानं पावडर चोळली, घड्याळ बांधलं, "आता बरं हाय" म्हणाला आणि निघून गेला.

मग माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. वाफेत जायचंच नव्हतं.