सुतकात काढलेली गाडी

फ्लॅट मुलाने फोनवरच्या फोटोंवरून ठरवला. तो पुण्याला नोकरीला, मी परभणीत एकटी. जुन्या गल्लीत पाण्याचे हाल होते म्हणून त्याने मला पिंगळीच्या वाटेवर नव्या प्लॉटिंगमध्ये आणून टाकले. फरशी गुळगुळीत, नळाला पाणी कायम. पण दुकान नाही, दवाखाना नाही आणि ऑटो तिकडे फिरकत नाही. तिथे राहायचे तर दारात गाडी पाहिजे. घरमालक माझ्या मुलाच्या वयाचा, वरच्या मजल्यावर राहायचा. त्याला मी आधीच विचारले, "माझे गुडघे गेलेत. कुठं जायचं म्हटलं तर कसं जाऊ?"

"आजी, गाडी दारातच हाय. नुसती हाक मारा."

त्या शब्दावर मी सामान उतरवून घेतले. पुढे हाक मारली की कधी गाडी सर्व्हिसिंगला असायची, कधी मालकाला घाई असायची. मी मागणे सोडून दिले.

मग एके सकाळी मानवतहून फोन आला. धाकटी बहीण गेली. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. माती लोटायच्या आधी तोंड बघून घ्यायचे, ते शेवटचे. भाचा म्हणाला, "मावशी, दुपारपर्यंत थांबतो, लवकर ये."

बाहेर मालक नवी गाडी पुसत होता. बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार.

"बस स्टँडपर्यंत सोडा," मी म्हणाले. "बहीण गेली माझी."

त्याने फडके खांद्यावर टाकले. "कालच पूजा झाली हो गाडीची. सुतकाचं माणूस कसं बसवावं?"

"आमच्यात सुतक पाळत न्हाईत."

"तुमच्यात न्हाई. आमच्यात हाय ना."

वरून गॅलरीतून त्याची बायको बोलली, "ऑटोला फोन लावा की आजी. आजकाल फोनवर सगळं येतंय."

मोठ्या रस्त्यापर्यंत मी बसत-उठत गेले. मेंढ्या नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने स्टँडवर सोडले, तिथून एसटी. पोचले तेव्हा खड्डा बुजला होता. भाचा हात धूत होता. "लय वाट पाहिली मावशी," एवढेच बोलला. मी रडले नाही. परत येताना एसटीत मी ठरवून टाकले की या दोघांना सोडायचे नाही. कसे, ते ठाऊक नव्हते.

नवरात्रात ते कळले. मालकाकडे घट बसले होते, अखंड दिवा होता. तिसऱ्या माळेला त्याचा चुलता गावाकडे वारला. मी दारात डाळ निवडत बसले होते. मालकाची बायको खाली आली आणि लांबच उभी राहिली.

"आजी, आमाला सुतक आलं. घटाला हात लावता येईना. भावकी सगळी सुतकात, शेजारचे गाड्या काढून गावाकडं गेलेत. तुमीच एकट्या राहिल्या. तेवढं दिव्यात तेल घाला. तुमच्यात पाळत न्हाईत ना?"

"आता बरं आठवलं तुला."

मी म्हणाले, "घालीन. पण मला मानवतला जायचंय. बहिणीच्या मातीवर बेल वाहायचाय."

"जा की, हे नेतील. दिव्यात दुपारपुरतंच तेल हाय, आधी तेवढं..."

"आधी गाडी."

मालकाने मुकाट्याने गाडी काढली. मी मागच्या सीटवर मधोमध बसले. वेग वाढला की म्हणायचे, "हळू हाका, हिसके बसायलेत." बेलासाठी गाडी थांबवली. मानवतला स्मशानात तो आत आला नाही, उन्हात फाटकाशी उभा राहिला. मी मातीवर विभूती लावली, बेल वाहिला, गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली. एरवी माझी पूजा लवकर आटपते. त्या दिवशी मी ती आटपू दिली नाही.

"आजी," तो फाटकातून ओरडला, "घरून फोन यायलाय. तेल संपायलंय."

"येते की."

गुडघे खरेच दुखत होते. मी त्यांना घाई केली नाही.

घरी आलो तेव्हा त्याची बायको जिन्यावर बसली होती. "विझला," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मालक माझ्याकडे वळला. "मुद्दाम केलं तुमी."

"हो."

"घर खाली करा."

"करते. सामान न्यायला गाडी तेवढी दुसऱ्याची बघीन."

आता मी स्टँडजवळ एका खोलीत राहते. पाणी कमी येते, ऑटो दारात उभे असतात. मुलगा म्हणतो, देवाच्या दिव्याशी कसला राग काढलास. त्याला काय सांगायचे? दिवा ते पुढच्या नवरात्रात परत लावतील. माझ्या बहिणीचे तोंड मला परत दिसणार नाही. फिट्टंफाट झाली, असे मी मानत नाही.